वन्संचं सोवळ्यातलं बिस्किट

त्या काळी गिरगावात सोवळ्याबद्दल ज्यांचा म्हणून दबदबा होता, त्या साऱ्या बायका आमच्या थोरल्या वन्संपुढे ओवळ्याच ठरल्या असत्या. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटत होतं, या बाई दिवसभर आंघोळच करतात की काय! नळाचं पाणी त्यांना चालत नसे, कारण तोटीत चामड्याची चकती असते असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. म्हणून चाळीमागच्या विहिरीचं पाणी त्या स्वतः शेंदून आणत. चुलीतली लाकडंसुद्धा धुऊन, वाळवून मगच पेटवत. मी एकदा न राहवून म्हटलं, "वन्सं, जाळायचीच आहेत ना ती?" तर म्हणाल्या, "अगं, आपल्यालाही एक दिवस जाळायचंच आहे. म्हणून कोणी आंघोळ सोडतं का?" खालून पाववाला ओरडत गेला की त्या खिडकी लावून घेत आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत उघडत नसत.

अशा बाईंनी आमच्या स्वयंपाकघरात विलायती बिस्किटं केली, हे आज कोणाला सांगून खरं वाटायचं नाही. त्याचं असं झालं. माझे धाकटे दीर विलायतेला शिकायला गेले होते. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून वन्संनीच त्यांना वाढवलं होतं. तिकडून त्यांनी लिहिलं, "ताई, इथे बदामाचं एक पातळ बिस्किट मिळतं. त्याला थेट तुझ्या अनारशासारखी जाळी असते. अशी दोन बिस्किटं मध्ये चाकलेट लावून जोडतात. खाताना तुझी फार आठवण येते." हे पत्र वन्संनी माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की पुढे मला ते पाठ म्हणता येई. भावजी परत आले, पण समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घ्यायला काही तयार होईनात. मग जातीने त्यांना वाळीत टाकलं आणि त्यांनी भायखळ्याला बिऱ्हाड केलं. आमच्याकडे आले की ते बाहेर गॅलरीत खुर्चीवर बसत. "मागून माझा पेला राखेने घासत बसाल," असं हसत म्हणत आणि पाणीही न पिता जात. वन्सं उंबऱ्याच्या आत उभ्या राहून बोलत. दोन भाऊबीजा अशा कोरड्या गेल्या. विधवेने ओवाळायचं नाही, हा तेव्हाचा दंडक. भावाला आपल्या हातचं खाऊ घालायचं एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं, आणि नेमकं तेच होईना. तिसरी दिवाळी आली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बाळ माझ्या हातच्या त्या बिस्किटाला नाही म्हणायचा नाही. जाळीचं मी बघते. चाकलेटाचं तेवढं तू तुझ्या नवऱ्याच्या मागे लाग."

ह्यांनी कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका दुकानातून चाकलेटाच्या चार वड्या आणल्या. वन्संनी त्या हातात न घेता केळीच्या पानावर टाकायला लावल्या. चाकलेट झाडाच्या बियांचं असतं असं भावजींनी लिहिलं होतंच. बी म्हणजे फळच, आणि फळाला विटाळ नाही, असा निवाडा वन्संनी स्वतःच दिला. बदामाचे कागदासारखे काप, लोणी, साखर आणि नावाला कणीक; त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या परातीत लांब लांब ठेवायच्या आणि खाली-वर निखारे. पहिल्याच घाण्याला अशी जाळी पडली की वन्सं परातीशी बसून गालातल्या गालात हसल्या. पण चाकलेट! ते वाटीत विरघळायला लागलं की वन्सं शुद्धीसाठी गंगाजलाचे चार थेंब शिंपडत, आणि लगेच त्याचा वाळूसारखा रवाळ गोळा होई. तीन वड्या अशा गेल्या. भाऊबीज उद्यावर आली. "माझ्याच हाताला यश नाही गं," म्हणून वन्सं डोळ्याला पदर लावून बसल्या. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आता माझी लबाडी सांगते. चौथ्या वडीचा एक तुकडा मी चोरून कनवटीला खोचला होता. दुपारच्या उकाड्यात तो विरघळला आणि माझ्या लुगड्यावर तुपासारखा गुळगुळीत ओघळ उतरला. मी तशीच जाऊन वन्संपुढे उभी राहिले. "वन्सं, मी चोरी केली. पण हे बघा, याला गंगाजल लागलेलं नाही."

वन्संनी वाकून तो डाग निरखला. मग त्यांनी गंगाजलाचा गडू उचलला, देवघरात नेऊन ठेवला आणि देवाला म्हणाल्या, "तू जरा तिकडे तोंड कर." त्या संध्याकाळी चाकलेट आरशासारखं चकाकलं.

दुसऱ्या दिवशी भावजींनी बिस्किट उजेडाकडे धरून जाळीतून समुद्राकडचं आभाळ पाहिलं आणि तोडून अर्धं तोंडात घातलं. "ताई, अगदी तेच गं," म्हणाले. "तू खाल्लंस?" आणि उरलेलं अर्धं त्यांनी पुढे केलं. उष्टं, वाळीत टाकलेल्याच्या हातचं, वर शुद्धही न केलेलं! वन्संनी उंबरा ओलांडला, भावजींच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसल्या आणि तो तुकडा त्यांच्या हातून घेऊन खाल्ला. "साखर जरा जास्त झाली," एवढंच म्हणाल्या.

आज त्या दोघांपैकी कोणी राहिलं नाही. सोवळंही आता गेल्यातच जमा आहे, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. वन्संची मात्र आठवण येते. त्या दिवशी भावजी गेल्यावर त्या आंघोळीला जाणार म्हणून मी आधीच विहिरीवरून घागर शेंदून ठेवली होती. पण वन्सं रात्रीपर्यंत गॅलरीतच बसून राहिल्या. ते पाणी दुसऱ्या दिवशी मी तुळशीला घातलं.