पायाकडचा तुकडा

सुट्टीत सगळं घर जमलेलं असताना नको ते मीच बोललो. "काकू, तुझ्या साडीचा तुकडा आत्यानं मुद्दाम पायाकडे लावलाय."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. घरातल्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या ती चाळीस वर्षं शिवतेय. ज्याच्यावर राग, त्याचा कपडा पायाकडे, ही तिची पद्धत. मला ती ठाऊक, कारण हल्ली तिच्या सुईत दोरा मी ओवतो. ही गोधडी काकूच्या नातवासाठी होती आणि तिच्या निमित्तानं आत्या-काकूंचा तीन वर्षांचा अबोला मिटायचा होता.

काकूनं गोधडी पलंगावर पसरली. "म्हणजे नातवानं मला लाथा मारायच्या?"

"लहान मूल आहे, मारणारच," आत्या म्हणाली.

"आणि वन्सं, तुमचा तुकडा कुठाय?"

"उशाकडे. शिवणारीचा मान असतो तो."

काकूनं गोधडी गर्रकन फिरवली, आत्याचा तुकडा पायाकडे आणला आणि बाळाला पांघरूण घातलं. बाळानं सणसणीत लाथ झाडली. "हुशार आहे हो," काकू म्हणाली. मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

संध्याकाळी काकू गोधडी घेऊन गेली, पण आत्याला 'येते' म्हणाली नाही.

"नेली ना पण?" आत्यानं मला दोनदा विचारलं. मग चष्मा पुसत म्हणाली, "तुझा तो निळा शर्ट आणून दे. पुढच्या गोधडीला हवाय."

कुठल्या बाजूला, ते मी विचारलं नाही. शर्ट अजून द्यायचा आहे.