नाव मोकळं हाय का?

फोन आला तेव्हा मी सातवीची हजेरी घेत होतो. आमच्या गावाहून, नांदूरघाटहून, शेजारच्या रखमाकाकूंचा मुलगा बोलत होता. "सर, कौसाआत्या गेल्या. सकाळी चहा घेतला, मागच्या दारात बसल्या, अन् बसल्या जागीच..." मी फोन खिशात ठेवला आणि उरलेली नावं घेत राहिलो. आरोही, शिवांश, विराज, स्वरा... मुलं 'हजर' म्हणत होती, मी मान हलवत होतो. दुसरं काही सुचलंच नाही. आता सहा आठवडे झाले. आत्यावर चार ओळी लिहाव्यात असं रोज वाटतं आणि रोज मी टाळतो. कारण जे लिहायचं आहे ते मराठीच्या मास्तराला शोभणारं नाही.

कौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कागदोपत्री कौसल्या, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. ऐन विशीत नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि आत्या माहेरी आली ती कायमची. स्वभाव तिखट. चुलीवरच्या भाकरीशीसुद्धा भांडण काढील अशी. मी बीडला शाळेत लागलो तेव्हा पेढे घेऊन गेलो, तर म्हणाली, "मास्तर झाला म्हंजी काय शिंगं फुटली का रं? पाय धू आधी." आणि मग गावभर तेच पेढे वाटत फिरली, माझं कौतुक सांगत.

गावात तिचं एक काम होतं, जे तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. कुणाच्या घरी मूल झालं आणि बाराव्या दिवसाच्या बारशासाठी नाव ठरलं, की त्या घरातली एखादी बाई आदल्या दिवशी आत्याकडे यायची आणि ते नाव हळूच सांगायची. मग आत्या भर दुपारी आमच्या घराचं मागचं दार उघडायची. दारापुढे थोडं रान, मग ओढा आणि ओढ्यापलीकडे चार बाभळी. चौकटीला हात टेकून ती ते नाव तीनदा हाकायची, खेळायला गेलेल्या लेकराला जेवायला बोलवावं तसं. आणि कान देऊन उभी राहायची. बहुतेक वेळा काही व्हायचं नाही. मग दार लावून म्हणायची, "मोकळं हाय. ठिवा." कधीतरी मात्र उतरल्या चेहऱ्यानं आत यायची. "हे दिऊ नका. घेतलंय कुनीतरी." कुणी घेतलं, हे कुणी विचारत नसे. निमूट दुसरं नाव निघे. दात न आलेली लेकरं आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात, आणि गावातली तशी लेकरं त्या बाभळींखाली होती. बारशाआधीच गेलेलीही त्यांत बरीच. विचारण्यासारखं काही नव्हतंच.

नावांच्या लाटा मी वर्गात पाहिल्या, आत्यानं त्या दारात पाहिल्या. मी लागलो तेव्हा हजेरीत दत्ता, बाळू, कांता, मंगल. मग एके वर्षी एकाच वर्गात चार पूजा आणि तीन प्रियंका बसल्या. पूजा म्हटलं की अर्धी खोली उठायची. आता ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं पोरही शौर्य असतं, आणि त्याची आजी त्याला 'सौऱ्या' म्हणते. मला ते खपायचं नाही. श आणि स, ण आणि न यांसाठी मी मुलांचा जीव खाल्लेला आहे. शाळेतले सहकारी मला 'उच्चारमास्तर' म्हणून चिडवायचे. आत्याच्या त्या हाकांचीही मी बीडमध्ये बसून टिंगलच करायचो. आमच्या आत्याकडे नावांचं ना-हरकत प्रमाणपत्र मिळतं, असं सांगून लोकांना हसवायचो.

सतरा वर्षांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. माझ्या बायकोनं, सुनंदानं, नाव ठरवलं होतं. श्रावणी. बारसं नांदूरघाटला झालं पाहिजे हा आत्याचा हट्ट होता, आणि मला बहीण नसल्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मानही तिचाच. आदल्या दिवशी ती मागच्या दाराकडे निघाली, तेव्हा मी मजा बघायला तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. तिनं तीन हाका मारल्या. "श्रावणी... श्रावणी... श्रावणी..." मला काहीच ऐकू आलं नाही. पण ओढ्याकाठी बांधलेली आमची शेळी चरता चरता थांबली आणि बाभळींकडे बघत राहिली. आत्याही तिकडेच बघत होती. ती वळली तेव्हा हसत होती, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. असा चेहरा मी तिचा आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

"हे नाव राहू दे रं बाबा," ती म्हणाली. "दुसरं कोनतंबी ठिव. तुला काय, लई नावं येत्यात."

"का पण?"

"कावून म्हनून इचारू नको. येवढं एक ऐक माझं."

मी ऐकलं नाही. पाहुण्यांना नाव कळवून झालं होतं, पाळण्यामागे थर्माकोलची अक्षरं लागली होती, आणि खरं सांगायचं तर शिकल्यासवरल्या माणसानं शेळीच्या आणि बाभळीच्या सांगण्यावरून मुलीचं नाव बदलायचं, हे मला अपमानाचं वाटलं. तसं मी तिला तोंडावर बोललो. आत्या, जी साऱ्या गावाशी भांडायची, ती त्या दिवशी माझ्याशी एक शब्द भांडली नाही. दुसऱ्या दिवशी बारसं झालं. बायकांनी पाळण्याच्या वरून-खालून बाळ फिरवलं, आत्यानं 'कुर्र' केलं, आणि ती बाळाच्या कानाशी वाकून कितीतरी वेळ काहीतरी बोलत राहिली. नाव सांगायला इतका वेळ लागत नाही. शेवटी बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, आणि मी जिंकल्याच्या आनंदात पान खाल्लं.

श्रावणी तीन वर्षांची असताना एक विचित्र प्रकार सुरू झाला. भर दुपारी ती खेळता खेळता एकदम ताठ व्हायची, बीडच्या आमच्या बंद दाराकडे बघायची आणि 'ओ' म्हणायची. "कुणी हाक मारली?" असं आम्हालाच विचारायची. रोज. जवळपास त्याच वेळेला. एकदा सुनंदा भांडी ठेवून धावत आली, कारण पोरगी दाराची कडी काढायला स्टुलावर चढली होती... मला बोलवतायत, म्हणाली. आम्ही तिला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान उत्तम निघाले, तरी त्यांनी थेंब दिले.

त्याच आठवड्यात आत्या बीडला आली होती. मी हसत हसत तिला हे सांगितलं. तिनं हातातली बशी खाली ठेवली. "येळ कोनती?" एवढंच विचारलं. बारा-सव्वाबारा, मी म्हणालो. आठ दिवस राहायला आलेली बाई दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं परत गेली. जाताना झोपलेल्या श्रावणीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "चुकलं माझं. आता न्हाई व्हायचं." तेव्हापासून पोरीचं ते वळून बघणं थांबलं. मी थेंबांना श्रेय दिलं.

आणि तेव्हापासूनच आत्या माझ्या मुलीचं नाव बिघडवू लागली. म्हणजे मला तसं वाटलं. आम्ही सुट्टीत गावी गेलो की बाराच्या सुमाराला मागच्या दारातून तिची हाक यायची, "सरावनी... ए सरावनी..." श्रावणी तिच्यामागेच चटईवर बसलेली असली तरी आत्या बाहेरच तोंड करून हाकायची. पोरगी मानही वर करायची नाही. आम्ही नसलो तरी रोज हाका मारते, असं शेजारी सांगायचे. नातीवर केवढी माया, म्हातारीला करमत नाही, असं सगळे म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. फक्त तो उच्चार कानाला टोचायचा. दात पडले म्हणून असेल, असं वाटून मी तिला शिकवायलाही बसलो होतो. "श्रा म्हण, आत्या. श्रा. जीभ टाळूला लाव." ती माझ्याकडे बघत राहिली, सुपारी कातरत. मग म्हणाली, "मला न्हाई येत रं मास्तर, ऱ्हाऊ दे." वर्षानुवर्षं मी तिला दुरुस्त करत राहिलो. भरल्या पंगतीतसुद्धा. ते आठवलं की आता जेवण जात नाही.

दहाव्यानंतर पाहुणे पांगले आणि रखमाकाकू माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या आणि आत्या एकाच वयाच्या, भिंतीला भिंत लागून आयुष्य गेलेलं. मी म्हणालो, काकू, आता दुपारी माझ्या पोरीला हाक मारायला कुणी राहिलं नाही. काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या पोरीला?" त्या म्हणाल्या. "येवढा शिकला, अन् येवढंबी कळलं न्हाई व्हय तुला? ती तिच्या पोरीला हाकायची."

आत्याला मूल झालं होतं हे मला पन्नाशीत कळत होतं. आमच्या घरात कुणी कधी बोललंच नाही. बाळंतपणाला ती माहेरी आली होती, मुलगी झाली, आणि अकराव्या दिवशी गेली. बारशाला एक दिवस राहिला होता. पाळणा आणून ठेवलेला, नाव ठरायचं बाकी. मुलगी झाली म्हणून सासरचं कुणी आलं नाही, आणि ती गेली म्हणून पुन्हा आत्याला न्यायलाही आलं नाही.

"नावच न्हाई तर हाकायचं कसं लेकराला?" काकू सांगत होत्या. "म्हनून गावात जे नवं नाव येईल ते ह्या दारात हाकून बघायची. दुसऱ्याची लेकरं कंदी कंदी ओ द्यायची. हिची न्हाई. अलका झालं, पूजा झालं... सारं आविष्य गेलं. अन् तुझ्या पोरीच्या नावाला दिली बघ तिनं ओ. पयल्यांदा. तुला मागितलं तिनं ते नाव. तू दिलं न्हाई."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "बारशात तुझ्या पोरीच्या कानात म्हनली, नाव काय भाकरी हाय का संपायला, दोघी मिळून घ्या. पर रोज दुपारची हाकाया लागली तर तुझी पोरगी तिकडं बीडात वळाया लागली. लई भ्याली ती. मग तिनं आपल्या पोरीचं येगळं केलं, सरावनी. म्हंजी हाक जिची तिलाच जावी."

"पण तिला श्र म्हणता येत नव्हतं ना, काकू..."

"कुनी सांगितलं? श्रावण सोमवारची कहानी सांगायची ती आमाला धा बायांत बसून, अगदी तुझ्यावानी सोच्छ. तुज्यापुढंच न्हाई यायचं तिला."

मी उठून आत गेलो. तेरा-चौदा वर्षं त्या बाईनं माझ्याकडून अडाणी म्हणवून घेतलं, माझ्याच मुलीला जपण्यासाठी. एक नाव मागितलं होतं तिनं. सबंध आयुष्यात माझ्याकडे तेवढंच मागितलं, आणि मी थर्माकोलच्या अक्षरांसाठी ते दिलं नाही. रडू आलं, पण त्याहून जास्त एक भीती वाटू लागली. आत्या जाऊन दहा दिवस झाले होते. दहा दुपारी त्या पोरीला कुणी हाक मारली नव्हती. हाकेची सवय झालेलं लेकरू किती दिवस वाट बघेल, आणि मग कुठे शोधायला निघेल?

बारा वाजत आले होते. मी मागचं दार उघडलं. ऊन नुसतं तापलेलं, ओढा कोरडा, बाभळींचं पानही हलत नव्हतं. मी चौकटीला हात टेकला. आतापर्यंत हजारो मुलांची नावं मी खणखणीत घेतली असतील, पण तोंड उघडेना. पहिली हाक पुटपुटल्यासारखी निघाली. "सरावनी..." दुसरी जरा मोठ्यानं. तिसरी मी पोटातून मारली, आत्या मारायची तशी लांबवून, आणि थांबलो. कुत्रं भुंकलं नाही, पाखरू उडालं नाही. काहीसुद्धा झालं नाही. आपण उशीर केला, एवढंच माझ्या मनात आलं.

श्रावणी कधी मागे येऊन उभी राहिली होती मला कळलं नाही. काकूंचं बोलणं झालं तेव्हा ती दुकानात गेली होती. मी तिला यातलं अक्षरही सांगितलेलं नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून ओढ्याकडे बघत होती, डोळ्यांवर हात धरून. मग तिनं माझा दंड धरला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पप्पा, दार अडवू नका ना. दोघी येतायत."

मी बाजूला झालो.