मामांच्या दिव्याचे दोन झोत

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. कधी ठेवला नव्हता. फक्त अंबरनाथ पश्चिमेतल्या त्या दुसऱ्या मजल्याचं काय करायचं, तेवढं कोणीतरी सांगा...

माझे मामा लाइटहाऊसवर नोकरीला होते. कोकण किनाऱ्यासमोरच्या बेटावर इंग्रजांनी बांधलेला दगडी मनोरा. वर माणसाएवढं जोडभिंग, पाऱ्यावर तरंगणारं — एका बोटाने ढकललं तरी फिरेल असं. ते फिरवायला घड्याळासारखं यंत्र, त्याचं वजन हाताने वर ओढायचं. दिवसा भिंगाभोवती पडदे, नाहीतर उन्हाने आतलं सगळं पेटायचं. प्रत्येक दीपस्तंभाची खूण वेगळी. मामांची म्हणजे दोन झोत, मग अंधार. मामी समोरच्या गावात राहायची. ते दोन झोत दिसले की मगच अंथरुणाला पाठ टेकायची.

रिटायर होऊन ते अंबरनाथ पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा — दोन हजार पाच-सहाच्या सुमारास — मी हौसेने प्लायवूडचं मॉडेल केलं. मोटर उल्हासनगर कॅम्प तीनच्या बाजारातली, भिंग एकच. मामीने जीन्सच्या चिंधीचा पडदाही शिवला. मी मोठ्या थाटात बटण दाबलं. एक झोत... अंधार... पुन्हा एकच.

"हा माझा नाही," मामा म्हणाले. "भलत्याच कुणाचा तरी आहे." वर, जहाज खडकावर चढवशील, असंही सुनावलं.

दुसरं भिंग आणायच्या आत मामा गेले.

मामी रडली नाही. बोलली नाही. पाण्याचा घोटही घेईना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, असंच चाललं तर त्याही राहणार नाहीत.

त्या दुपारी लोडशेडिंग. पंखे बंद, सगळे घामाघूम. शोकेसवर मॉडेल, मागे त्याची वायर नुसती लोंबत होती. आणि ते फिरलं. दोन झोत... अंधार... दोन झोत.

"दादा, तू काही केलंस?" मामेबहीण कुजबुजली. मी तर भिंतीला चिकटलो होतो.

नंतर मी मोटर उघडून पाहिली. वायर तपासली. एका भिंगातून दोन झोत कसे, आजही ठाऊक नाही. मामी पुढे रडली, पाणी प्यायली, बरीच वर्षं जगली. पण त्या क्षणी तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि शोकेसकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली,

"अहो, भर दुपारी कसला लावताय? पडदा ओढा आधी!"