मयताच्या घरी तीन केक

लोक कॅनडात धबधबा बघायला जातात. मी मयताला गेले. ओटावाजवळ वीकेंडला कुठे जावं, हे शोधणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

मी कनाटात, ओटावाच्या एका उपनगरात, मॉरीनच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. तिचा थोरला भाऊ पॅट गेला आणि बर्फात हायवेवर गाडी चालवायची तिची हिंमत नव्हती. माझी तरी कुठे होती? पण मयताला नाही म्हणायचं नसतं, ही घरची शिकवण. विंटर टायर्स असतील तर पॅटच्या शेतापर्यंत दोन तास. माझ्या वेगाने तीन. शेवटच्या गावात पेट्रोल भरा आणि वॉशरूमला जाऊन या, पुढे दोन्ही नाही. मॉरीन मांडीवर सँडविचचा ट्रे घेऊन बसलेली, सहलीला निघाल्यासारखी.

ही सगळी जुनी आयरिश शेतकरी घरं. बैठकीच्या खोलीत उघड्या पेटीत सूट घातलेला पॅट. आरशावर चादर, घड्याळ बंद. पॅटने ट्रॅक्टर तळ्यात कसा घातला, हे एक म्हातारा पॅटकडेच बघून सांगत होता आणि सगळे हसत होते. मयताला एकटं ठेवायचं नाही, असा नियम आहे. कंटाळू द्यायचं नाही, असाही असावा. जमीन गोठलेली, पुरायचं वसंतात. घाई कोणालाच नव्हती. टेबलावर तीन केक.

मयताच्या घरचं आम्ही पाणीही घेत नाही. मी चहा नाकारला, केक नाकारला, दरवेळी जास्त गोड हसून. शेवटी पॅटची बायको नोरा किटली घेऊन समोर उभी राहिली.

"माझ्या घरचं तुला चालत नाही का गं?"

मॉरीन बुटांकडे बघू लागली. मी घाईने सांगितलं, तसं नाही, आमच्यात मयताच्या घरी चूल पेटत नाही.

"मग घरच्यांनी उपाशी राहायचं?"

"शेजारी आणून देतात."

"मग हे कोणी आणलंय? तो गेल्यापासून मी स्टोव्हला हात लावलेला नाही."

म्हणजे इतका वेळ मी अगदी शास्त्रोक्त अपमान करत होते. मी सँडविच उचललं. तेव्हा दिसलं, सगळ्यांना वाढणाऱ्या नोराच्या हातात मघापासून फक्त किटलीच. आमच्याकडे शेजारणी नुसता डबा ठेवून जात नाहीत. समोर बसून दोन घास खायला लावतात. मी किटली काढून घेतली, अर्धं सँडविच तिच्या हातात दिलं. ती बसली. खाता खाता रडू लागली.

घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि आईला फोन लावला. नोराबरोबर तिथे खाल्लं, हे सांगून टाकलं. लपवणं जमत नाही. आता बोलणी बसणार म्हणून फोन कानापासून लांब धरला.

"तिनं किती खाल्लं?" आईने विचारलं.

"अर्धं सँडविच."

"अर्धं? आणि तू तशीच निघून आलीस?"

शनिवारी पुन्हा जातेय.