रायफलीचा नैवेद्य

पार्ल्याच्या मार्तंडरावांना कुणी "काय, बरं आहे ना?" एवढंच विचारलं, तरी ते आधी त्याच्या पाठीमागे बघत आणि मग म्हणत, "हं… का बरं?" जन्मभर विमा कंपनीत जळालेल्या दुकानांचे दावे तपासले, त्याचा तो गुण.

त्यांच्या भिंतीवर आजोबांची ठासणीची रायफल होती. तोंडातून दारू, वर गोळी, गजाने ठासायची, एक बार काढायचा की पुन्हा पहिल्यापासून. मार्तंडरावांच्या हयातीत तिने एकही बार काढला नव्हता, पण खंडेनवमीला तिची पूजा चुकत नसे. दिंडोशीहून चुलतभाऊ यज्ञेश सहकुटुंब येई.

यंदा गणपती झाल्यावर यज्ञेश तिला पॉलिशला घेऊन गेला. टेन्शन नको दादा, झकास करून आणतो, म्हणाला. आणि झकास करून आणली. तिथेच माशी शिंकली. यज्ञेशने बोलल्याप्रमाणे कधी काही केलं होतं?

मार्तंडरावांनी रायफलीची कुळकथा खणायला घेतली. भिंग लावून छाप वाचला, संग्रहालयांच्या वेबसाइट पालथ्या घातल्या. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्यांनी गोळी फिरत जाते, हे तिथे छापलेलं होतं. आजोबाही तेच सांगत. मार्तंडरावांनी नळीत करंगळी घातली. आत गुळगुळीत.

"बदलली," ते बायकोला, माणिकला, म्हणाले. "यंदा यज्ञेशला बोलवायचं नाही."

माणिकने एवढंच म्हटलं की भाऊ एकुलता एक आहे, तोडण्याआधी जाणत्याला दाखवा.

बंदुका दुरुस्त करणारे काशीराम घाटकोपरहून आले. दिंडोशीत तुमचं कुणी असतं का, हे मार्तंडरावांनी त्यांना दारातच विचारून घेतलं. काशीरामांनी नळीत गज सोडला. तो तळाच्या वीतभर आधीच अडला.

"भरलेली दिसते," म्हणत त्यांनी नळीचं तोंड सोफ्यावरून हळूच भिंतीकडे वळवलं. सोफ्यावर माणिक होती. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दाराआडून बघत राहिली.

तेल सोडून, गजाला मळसूत्र लावून काशीराम बराच वेळ खरवडत होते. शेवटी बाहेर पडले ते तांदूळ. कुंकवाने लाल, दगड झालेले, मध्ये झेंडूच्या पाकळ्या.

"हिच्या तोंडात अक्षता कोण घालतं?"

"हेच की," माणिक दाराआडून म्हणाली. "आधी तुपाचं बोट, मग अक्षता. म्हणे, हिलाही नैवेद्य नको का?"

काशीरामांनी चिंधीने नळीतलं वर्षानुवर्षांचं तूप पुसलं. मार्तंडरावांनी पुन्हा करंगळी घातली. पिळाचे आटे जागच्या जागी होते, आजोबांनी सांगितले तसे. आणि अक्षता याच घरच्या, म्हणजे बंदूकही याच घरची.

संध्याकाळी त्यांनी दिंडोशीला फोन लावला. नवमीला सगळे या, म्हणाले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण राहवेना.

"पॉलिश नुसतं बाहेरूनच केलंस ना रे?"

पलीकडून थेट मार्तंडरावांच्याच आवाजात यज्ञेश म्हणाला, "हं… का बरं?"