टँकरचं गोड पाणी आणि बंदरातले शिंपले

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. कवठे महांकाळात मे महिन्यात आम्हा माणसांना पाणी टँकरचं, आणि माझी लेक मुंबईहून एस.टी.नं समुद्राचं पाणी घेऊन आली! ओलं पोतं गुंडाळलेल्या बादलीत जिवंत शिंपले, वर पाणी बदलायला भरलेला कॅन. तिला बघायला पाहुणे यायचे होते. पण शिंपले मागं ठेवले तर मरतील, आणि त्यांच्याबरोबर तिचं वर्षभराचं संशोधन. म्हणून तेही आले.

हे शिंपले आपल्याकडचे नव्हेत हो. जहाजांच्या बुडाला चिकटून परदेशातून आले आणि बंदरभर पसरले. न बोलावता येऊन हातपाय पसरणाऱ्यांचं मला काय नवल, माझं सासर मोठं आहे. लेक सांगायची, यांच्या अंगात जंतू मारणारे प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, पेप्टाइड म्हणतात त्यांना. पाणी तापलं, खारटपणा बदलला, जिवाला ताण झाला की ते वाढतात का आटतात, हे तिला बघायचं होतं. ताण मात्र तिनं मोजून द्यायचा. आमच्या घरात तो न मोजता मिळतो.

पाहुणे दारात आणि परसातून लेकीची किंकाळी. थोरल्या जाऊबाईंनी बादलीतलं पाणी मोरीत ओतून टँकरचं भरलं होतं.

"काकी, काय केलंत हे!"

"आगं, उन्हाळ्याचं मुक्या जिवाला खारं पाणी? पाप लागंल. आमी कुत्र्यालाबी गोडं पाणी ठेवतो!"

खरंच आहे. पुण्य करायला आमच्यात कुणाला विचारावं लागत नाही.

शिंपले गच्च मिटलेले. लेकीनं कॅनमधलं समुद्राचं पाणी बदलून घातलं, डोळे पुसले आणि पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेली. मुलाच्या आत्याबाईंनी शिक्षण विचारलं, तिनं सांगितलं.

"लय चांगलं. पर लग्नानंतर हे शिंपले-बिंपले बंद, व्हय न्हवं?"

लेक बशा ट्रेमध्ये गोळा करू लागली. तेवढ्यात जाऊबाई परसातून ओरडल्या, "आगं ये, एकानं तोंड उघडलं बघ!"

ट्रे आत्याबाईंच्या मांडीवर ठेवून लेक पळाली. नमस्कार राहिलाच.

पाहुण्यांचा नकार चहा निवायच्या आत आला. जाऊबाई हळहळल्या, "माझ्यापायी स्थळ गेलं गं."

"आवं, जन्मभरात तुमच्या हातून घडलेलं खरं पुण्य तेवढंच," मी म्हटलं.

लेक बादलीपाशीच बसलेली. आणखी काही शिंपले उघडत होते. पाहुण्यांचे उरलेले पोहे मी तिला तिथंच नेऊन दिले.