गिरिजाक्कांच्या बाटल्या

गिरिजाक्कांनी पहिल्याच दिवशी माझे हात दुधानं धुतले. प्रयोगशाळेच्या फाटकाशी, रखवालदार नंजप्पाच्या स्टुलावर, एका पातेल्यात दुधाची पावडर कालवून ठेवलेली होती. मला वाटलं, ही इथली स्वागताची काही पद्धत असेल. मी हात पुढे केले. त्यांनी आधी माझी नखं पाहिली आणि विचारलं, "गाव कुठलं?"

"निपाणीजवळचं."

"घरी तंबाखू?"

"आई विड्या वळते, मॅडम."

"तेच. अर्जावर गावाचं नाव वाचलं तेव्हाच दूध कालवायचं ठरवलं." माझं एकेक बोट चोळत त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला नावं ठेवत नाही हं. पण तंबाखू आणि बटाटा एका कुळातले. वाळलेल्या पानातसुद्धा रोग जिवंत राहतो. दुधाला तो स्वल्प ऐकतो. आणि मॅडम-बिडम बेडा, ते नको. अक्का म्हण."

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. नोकरीच्या पहिल्या सकाळी आईच्या कामाचा वास हातावरून धुतला जात होता आणि मला रडू येईल की काय असं वाटत होतं. पण अक्कांचा चेहरा पाहिला आणि रडू मागे गेलं. त्या माझ्याहून जास्त घाबरलेल्या होत्या. माझ्या दोन हातांना घाबरलेल्या होत्या.

आमची प्रयोगशाळा बेंगळुरूबाहेर, देवनहळ्ळीच्या पुढे होती. चारी बाजूंच्या शेतांत प्लॉटचे दगड रोवलेले, मध्ये आमची बुटकी पांढरी इमारत. तिथं आम्ही काचेच्या बाटल्यांत बटाट्याची रोपं वाढवायचो. खोडाचा नखाएवढा तुकडा जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा. त्यातून रोप येतं, त्या रोपाचे पुन्हा तुकडे. कधी तुकड्याचा आधी नुसता गोळा होतो आणि त्या गोळ्यातून फुटलेली रोपं मूळ झाडापेक्षा थोडी वेगळी निघतात. त्या वेगळ्यांत आम्ही करपा रोगाला दाद न देणारं एखादं रोप शोधत होतो. करपा ज्यानं पाहिला नाही त्याला ही धडपड कळणार नाही. चार दिवस धुकं राहिलं की हिरवं शेत काळं पडतं आणि बांधावर उभं राहिलं तरी कुजका वास नाकात बसतो.

अक्का चामराजपेटेतल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घराणं. रोज दोन बस बदलून त्या यायच्या. नणंदेनं केसांत माळलेला गजरा फाटकाबाहेरच्या खिळ्याला लटकवायच्या, कारण फुलांतून बारीक किडे येतात. मग रोपांच्या खोलीचं दार उघडून दिवा न लावता डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि वास घ्यायच्या. बुरशी दिसायच्या आधी तिचा वास येतो म्हणायच्या. त्यांचा श्वास सुटेपर्यंत मी आणि माझ्याबरोबर काम करणारी सुमा मागे आपापला श्वास धरून असायचो.

"भीती वाटत नाही तो माणूस मला आत नको," त्या म्हणायच्या. "धीट माणसांनी पोलिसात जावं."

बटाट्यावर जगणाऱ्या त्या इमारतीत बटाट्याला बंदी होती. नंजप्पा सगळ्यांचे डबे उघडून बघायचा. अक्कांच्या घरी सकाळी बटाटे चिरले गेले तर त्या स्वतः रोपांच्या खोलीत पाऊल ठेवत नसत. एकदा मी बसथांब्याजवळ मसाला डोसा खाऊन आले. नंजप्पानं माझ्या तोंडाकडे बघूनच आत हाक दिली.

"शिजलेला होता ना, अक्का," मी म्हटलं.

"आणि शिजवणाऱ्यानं कच्चा कुठं सोलला? ज्या फडक्याला हात पुसला त्याच फडक्यानं तुझं ताट पुसलं असेल. पाहिलंस तू?"

"नाही."

"मग आज बाहेर बसून बाटल्यांना चिठ्ठ्या लाव. आणि सादा डोसा खात जा. तोही चांगला असतो."

नंजप्पा हसला. अक्का हसल्या नाहीत.

मी तिथं रुळल्यावर एके वर्षी ते रोप सापडलं. ओल्या डब्यात निरनिराळ्या रोपांची पानं मांडायची आणि प्रत्येकावर करप्याच्या बुरशीचं पाणी एकेक थेंब टाकायचं, अशी आमची परीक्षा. पाचव्या दिवशी सगळी पानं काळी पडली होती. एकच हिरवं होतं, थेंबाखाली टाचणीनं टोचल्यासारखा ठिपका, बस. परीक्षा दुसऱ्यांदा केली, तरी तेच. आमचे प्रमुख मूर्तीसर यांनी पेढे मागवले आणि हासनकडच्या बटाटेवाल्या शेतकऱ्यांना फोन करून टाकला. अक्कांनी पेढा हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. "आता हरवण्यासारखं काहीतरी झालं," एवढंच त्या म्हणाल्या.

रोपं वाढवताना आमच्याकडे एक नियम होता आणि तो अक्कांनीच घातलेला होता. प्रत्येक वाणाचे दोन भाग करायचे. दोन माणसांनी, दोन वेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सुऱ्यांनी कापायचे. एकाचा हात चुकला तरी दुसऱ्याचं वाचतं. या रोपाच्या वेळी मात्र त्यांनी कुणालाच जवळ येऊ दिलं नाही.

"मी अर्धं करू का, अक्का?"

"तू नको. तुझं लक्ष उडतं. सुमा शिंकते. माझं मीच करते."

आणि त्यांनी एका बैठकीत, एकाच हातानं सगळ्या बाटल्या केल्या. त्यांना आमची भीती वाटली. स्वतःची वाटायला हवी होती, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका बाटलीत खोडाच्या बुंध्याशी मला तांदळाच्या धुवणासारखा धूसरपणा दिसला. बाटली खाली ठेवताना काच वाजली.  तो आवाज ऐकून अक्का आल्या. बाटली उजेडात धरली. मग शेजारची. मग तिच्या मागची.

"कुठला जंतू आहे?" मूर्तीसरांनी विचारलं.

"माहीत नाही. मर रोगाचा असला तर जमिनीतून कित्येक वर्षं जात नाही."

"सगळ्या बाटल्यांत दिसत नाही ना? औषध घालू. पुढच्या महिन्यात रोपं द्यायची आहेत."

"औषधानं झाकला जाईल, जाणार नाही. एका बैठकीतल्या, एकाच सुरीच्या आहेत सर, सगळ्याच गेल्या."

"अक्का, जगात एवढंच एक रोप आहे."

"म्हणूनच सांगते. हे लोकांच्या शेतात गेलं तर ती शेतं परत धुता येत नाहीत." मग त्या हळू म्हणाल्या, "हात माझा होता."

एकच वाट उरली होती. रोपाच्या अगदी शेंड्याच्या टोकात, डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या कोंभात, जंतू बहुतेक पोचलेला नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली तेवढंच टोक खुडून नव्या खाद्यावर ठेवायचं. जास्त घेतलं तर जंतू बरोबर येतो, कमी घेतलं तर टोक मरतं. हे काम आमच्याकडे एकट्या अक्कांना येत होतं. त्या खुर्चीवर बसल्या, सुई उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग उठल्या.

"तू बस."

"मला जमणार नाही, अक्का."

"घाबरलीस?"

"हो."

"किती?"

"हात गार पडलेत."

"सरी, ठीक आहे. मग तूच कर. माझे तर बधिर झालेत."

दोन दिवस मी टोकं खुडली. त्या माझ्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. "टोकावरची दोन बारकी पानं दिसली? त्यांच्या खाली. श्वास सोड, मग काप," एवढंच अधूनमधून म्हणत. मी चुकले की त्यांना न बघता कळायचं, कारण मी गप्प व्हायचे.

टोकं खुडून झाली. मूर्तीसर म्हणाले, ती जगतात का बघू, तोवर जुन्या बाटल्या कपाटात बंद करून ठेवू. अक्कांनी नकारार्थी मान हलवली. "त्या असतील तर मला मोह होईल. तुम्हालाही होईल." मग ट्रे उचलून त्यांनी सगळ्या बाटल्या वाफेच्या टाकीत घातल्या, झाकणाचे पेच आवळले आणि वाफ सुटेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. झाकण उघडलं तेव्हा उकडलेल्या बटाट्याच्या पाल्याचा वास आला. आमच्या इमारतीत तो वास मी पहिल्यांदाच घेतला.

मग टोकं मरायला लागली. रोज सकाळी एखाददुसरं तपकिरी होऊन गेलेलं असायचं. अक्का दाराशी येत आणि विचारत नसत. मी उरलेली दाखवत नसे. शेवटी एकच राहिलं. त्याला पान फुटलं. त्यातून आलेल्या पहिल्या रोपाचा तुकडा जंतूंना आवडणाऱ्या पाण्यात ठेवला, ते पाणी नितळ राहिलं, म्हणजे जंतू गेला होता. पण मधल्या काळात करप्याला तोंड द्यायचा गुण निघून गेला असेल तर? तसंही होतं आमच्या कामात. म्हणून पुन्हा पानं मांडली, पुन्हा थेंब टाकले.

पाचव्या दिवशी अक्का आत आल्याच नाहीत. फाटकाशी नंजप्पाजवळ बसून राहिल्या. मी डबा उघडला आणि धावत बाहेर गेले.

"हिरवं आहे, अक्का."

"दुसऱ्या वाणांची पानं?"

"ती..."

"बघितली नाहीस. थेंबातली बुरशीच मेलेली असेल तर सगळीच हिरवी राहतील. जा."

मी परत गेले. दुसरी पानं काळी ठिक्कर पडली होती. मी येऊन तसं सांगितलं तेव्हा अक्कांनी पदर तोंडावर धरला.  नंजप्पानं पाणी आणून दिलं, ते त्यांनी त्यालाच परत दिलं. मग म्हणाल्या, "अर्धं तू कर, अर्धं सुमा करेल. वेगळ्या दिवशी. मला एकही बाटली देऊ नका."

त्यानंतर त्यांनी सुरी धरली नाही. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या.

आमची रोपं हासनकडे एका शेतात लागली त्या हंगामात मी चामराजपेटेत त्यांना भेटायला गेले. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. धुक्याचे दिवस होते, आजूबाजूची शेतं काळी पडलेली आणि आमचा तुकडा हिरवा, असा फोटो मी मोबाइलवर दाखवला. त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, एका कोपऱ्यात नेला.

"हे पान पिवळं का?"

"ऊन पडलंय त्याच्यावर, अक्का."

"ऊन आहे असं तुला वाटतं की बघितलंस?"

"वाटतं."

"उद्या जाऊन बघ."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं मी हासनला गेले. तिथून शेतावर पोचले, त्या कोपऱ्यातल्या सरीत ते झाड शोधलं आणि गुडघ्यावर बसून एकेक पान उलटून पाहिलं. ऊनच होतं. ते सांगायला फोन केला तर तो त्यांच्या नणंदेनं उचलला, आणि तिच्या आवाजावरूनच अक्का गेल्याचं मला कळलं. मी तशीच पुढच्या झाडाकडे सरकले आणि त्याचं पान उलटलं.